सोल कोरा, आतला थर मेलेला: एल्कच्या शिकारीसाठी घेतलेल्या बुटात झालेली फसवणूक

कुणी सेकंडहँड हंटिंग बूट किंवा ट्रेकिंग बूट ऑनलाइन घेणार असेल, आणि विशेषतः जाहिरातीत "एकदाही घातलेले नाहीत, साइज चुकली म्हणून विकतोय" असं लिहिलेलं असेल, तर पैसे पाठवायच्या आधी हे सगळं वाचा. माझे दोनशे वीस डॉलर गेले हे एकवेळ सोडून देईन, पण हा माणूस ज्या वस्तूबद्दल खोटं बोलला ती वस्तू घालून लोक मोबाइलची रेंज नसलेल्या डोंगरात जातात, पाठीवर तीस किलो घेऊन बर्फातून उतरतात, म्हणून राग येतो.

मी डेन्व्हरजवळ राहतो, मूळचा साताऱ्याचा, डोंगरात चालायची सवय तिकडचीच. इथे ऑफिसमधल्या एका मित्राबरोबर एल्कच्या शिकारीला जायला लागलो. भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार बंदच आहे त्यामुळे आपल्याकडच्यांना हे विचित्र वाटतं, पण इथे हंटर एज्युकेशनचा कोर्स, लायसन्स, ठरलेला सीझन, ठरलेला टॅग (म्हणजे एक प्राणी मारायचा परवाना) असं सगळं रीतसर असतं आणि कोलोराडोत अमेरिकेतल्या बाकी कुठल्याही राज्यापेक्षा जास्त एल्क आहेत, अडीच लाखांच्या वर. एल्क म्हणजे आपल्या सांबरासारखाच हरणाच्या कुळातला मोठा प्राणी, पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या आसपास जातो. आणि कायदा असा की मारला तर खाण्याजोगं मांस तिथे टाकून यायचं नाही, चारही क्वार्टर (पायांसकट खांदे आणि मांड्या), पाठीची दोन्ही बॅकस्ट्रॅप आणि कण्याच्या आतल्या बाजूची टेंडरलॉइन एवढं तरी न्यावंच लागतं. (तसंही कोण टाकेल, चरबी नसलेलं सुंदर मांस, आमच्याकडे कांदा-लसूण मसाला घालून मंद आचेवर शिजतं आणि फ्रीझर वर्षभर पुरतो.) म्हणजे शिकार झाल्यावर खरं काम सुरू होतं, एकेका खेपेला पंचवीस ते पस्तीस किलो पाठीवर, आणि आम्ही जातो तो कोलोराडोतल्या फ्लॅट टॉप्सचा भाग वाइल्डरनेस (संरक्षित रान) म्हणून जाहीर झालेला, तिथे गाडी सोडा साधी सायकलसुद्धा नेता येत नाही. घोडा नाहीतर स्वतःचे पाय.

म्हणून बूट. आपल्याकडे गडावर आपण स्पोर्ट शूजवर जातो आणि चालून जातं, इथे ते चालत नाही. दहा हजार फुटांवर, पायवाट सोडून, बीटल किड्यानं मेलेली स्प्रूसची (सूचिपर्णी) झाडं आडवीतिडवी पडलेली त्यांच्यावरून चढत, तिरक्या उतारावर बुटाची फक्त कड टेकवून चालायचं असतं, तर मऊ सोल पायाखाली पिळवटतो आणि सगळा भार घोट्यावर येतो. माझ्या मित्राचं आणि त्याच्या वडिलांचं म्हणणं सरळ होतं: सोल कडक पाहिजे, हातानं सहज वाकता कामा नये, वरचं लेदर जाड अखंड पाहिजे, उंची आठ ते दहा इंच, खाली चारी बाजूंनी रबराची पट्टी, आत वॉटरप्रूफ मेम्ब्रेन, म्हणजे पाणी अडवणारा पातळ थर. इन्सुलेशन सीझन बघून घ्यायचं, सप्टेंबरात धनुष्यबाणाच्या सीझनला बिनइन्सुलेशनचेच बरे कारण चढताना पाय घामानं भिजला की थांबल्यावर तोच घाम गार पडतो, ऑक्टोबर अखेरीला रायफल सीझनमध्ये बर्फात बसून राहायचं तर दोनशे-चारशे ग्रॅमचं चालतं. जाड मोजा घालून मापायचे, संध्याकाळी मापायचे कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो, आणि उतारावर बोटं पुढे आपटली तर अर्धी साइज मोठी घ्यायची. असा बूट नवा घेतला तर साडेचारशे-पाचशे डॉलर.

तर जुलै महिन्यात एका सेकंडहँड वस्तूंच्या अ‍ॅपवर नेमका हाच बूट दिसला. नामांकित युरोपियन कंपनीचा, मला हवा तोच कडकपणा, माझीच साइज, किंमत निम्म्याहून कमी. फोटो व्यवस्थित, लाकडी डेकवर ठेवून काढलेले, सोलच्या खाचा एकदम धारदार, व्हिब्रम या सोल बनवणाऱ्या कंपनीचा पिवळा शिक्का चकचकीत, मूळ बॉक्स, लेसला कंपनीची गाठ तशीच. विकणारा दुसऱ्या राज्यातला, बोलायला अगदी मोकळा, शिकारीचा बेत रद्द झाला, माझ्या पायाला लहान होतात, कपाटात पडून आहेत वगैरे. मी जिभेच्या आतल्या लेबलचा फोटो मागितला, तर म्हणाला ते टोचत होतं म्हणून मी कापून टाकलं. हे वाक्य लक्षात ठेवा. एकदाही न घातलेल्या बुटाचं लेबल टोचलं कसं? बूट घरी आले तेव्हा वास नव्यासारखाच, लेदर उत्तम, काही शंका येण्यासारखं वरून दिसतच नव्हतं. उन्हाळाभर मी ते डेन्व्हरच्या पश्चिमेकडच्या टेकड्यांवर घालून चाललो, कोरड्या वाटा, पाठीवर पाण्याची पिशवी, बूट छान रुळले.

मग ऑक्टोबरमध्ये शिकारीला गेलो. फ्लॅट टॉप्समध्ये आमच्या मित्राला नर मिळाला, गाडीपासून साडेचार-पाच मैल आत, दुपारनंतर. रात्री सहा इंच बर्फ पडला. सकाळी मी मागची एक मांडी घेऊन निघालो, आडव्या पडलेल्या ओंडक्यावरून उतरताना डाव्या टाचेखाली काहीतरी सरकल्यासारखं वाटलं, बघतो तर सोल टाचेपासून उघडा पडलेला. अर्ध्या तासात उजव्याचंही तेच. मग डावा सोल पूर्ण सुटून बर्फात राहिला आणि पायाखाली फक्त बुटाचा पातळ तळ, सपाट, गुळगुळीत, त्यातून पाणी आत. मांडी उतरवून झाडाला टांगली. मित्रानं पॅराकॉर्ड (बारीक मजबूत नायलॉनची दोरी) आणि डक्ट टेपनं उजवा सोल बांधला, डाव्याला सोलच नव्हता म्हणून त्याच्याभोवती नुसतीच दोरी गुंडाळली, निदान काहीतरी पकड. तंबूपर्यंत यायला जवळपास अख्खा दिवस गेला, तोपर्यंत डाव्या पायाची बोटं बधिर. तिथे माझे साधे रनिंग शूज होते ते दोन मोजे आणि प्लास्टिकची पिशवी घालून चढवले. बाकीच्या सगळ्या खेपा मित्र आणि त्याच्या वडिलांनी केल्या, वडील साठीच्या पुढचे आहेत. त्या उतारावर मी ओझ्यासकट घसरलो असतो, किंवा एकटाच असतो, तर हे लिहायला राहिलो असतो की नाही सांगता येत नाही.

परत आल्यावर बूट रिसोल करणाऱ्या, म्हणजे नवा सोल बसवणाऱ्या इथल्या एका मोच्याकडे नेले. म्हातारा माणूस, पर्वतारोहणाचे बूट दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेलं. त्यानं उरलेल्या उजव्या सोलच्या वरच्या थरात अंगठा दाबला आणि तो थर शिळ्या भाकरीसारखा चुरा होऊन टेबलावर पडला. मग त्यानं समजावलं ते नीट वाचा कारण सगळी फसवणूक यातच आहे.

बुटाच्या तळाला दोन वेगळे थर असतात. जमिनीला लागतो तो रबराचा आउटसोल, आणि त्याच्या वर धक्का झेलणारा मिडसोल. भक्कम बुटांत हा मिडसोल बऱ्याचदा पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा असतो, कारण ओझ्याखाली तो दबून बसत नाही. पण हवेतली वाफ हळूहळू पीयूची रासायनिक बांधणी तोडत जाते, याला हायड्रोलिसिस म्हणतात, आणि हे बूट न वापरताही होतं. उलट वापरातल्या बुटापेक्षा बंद बॉक्समध्ये पडून राहिलेल्याचं लवकर होतं. पाच-सात-दहा वर्षांत, दमट आणि गरम जागेत त्याहून आधी, मिडसोल ठिसूळ होतो. रबराला मात्र यानं काही होत नाही. त्यामुळे दहा वर्षांचा कधीच न घातलेला बूट फोटोत अगदी कोरा दिसतो, खाचा धारदार, शिक्का चकचकीत, आणि आत मेलेला. बूट बनवणाऱ्या चांगल्या कंपन्या हे लपवत नाहीत, उघड सांगतात. अनेक कंपन्या जिभेखालच्या लेबलवर बनल्याचा महिना-वर्षही छापतात. नेमकं तेच लेबल कापलेलं होतं.

आणि नुसतं जुनं विकलं एवढंच नाही. मोच्यानं दाखवलं, मिडसोल आणि रबराच्या फटीत आतून दुसराच गोंद भरलेला, कंपनीच्या गोंदाच्या वर, आणि मिडसोलच्या कडेला बारीक भेगा दिसू नयेत म्हणून काळा रंग मारलेला. म्हणजे सोल सुटायला लागलेत हे विकणाऱ्याला माहीत होतं, त्यानं ते चिकटवले, रंगवले आणि कोरे म्हणून विकले. घरी येऊन मी त्याच्या जुन्या जाहिराती शोधल्या तर तोच लाकडी डेक, तेच मॉडेल, पण साइज नऊ, साइज साडेदहा, साइज अकरा, आणि प्रत्येकाखाली "माझ्या पायाला होत नाहीत". एका माणसाचे पाय तीन मापांचे नसतात. कुठूनतरी पडून राहिलेला जुना माल उचलायचा आणि उन्हाळ्यात काढायचा हा त्याचा धंदा आहे.

उन्हाळाच का, तेही बघा. अ‍ॅपवर तक्रार करायची मुदत वस्तू मिळाल्यापासून काही दिवसांचीच असते. जुलैत घेतलेला बूट खऱ्या ओझ्याखाली येणार ऑक्टोबरमध्ये, तोवर मुदत कधीच संपलेली. पैसेही त्यानं अ‍ॅपबाहेर मागितले होते, फी वाचेल आणि वीस डॉलर कमी करतो म्हणून, आणि तेही फ्रेंड्स अँड फॅमिली (ओळखीच्यांना पैसे पाठवायच्या) प्रकारात पाठवायला लावले. अशा पेमेंटला खरेदीचं संरक्षण लागूच होत नाही कारण कागदोपत्री तुम्ही वस्तू घेतलेलीच नसते, ओळखीच्या माणसाला पैसे दिलेले असतात. तुटलेल्या बुटाचे फोटो विकणाऱ्याला पाठवल्यावर त्याचं उत्तर आलं, तुम्ही वापरलेत, वापरलेला माल परत घेत नाही. दुसऱ्या मेसेजनंतर ब्लॉक. मी अ‍ॅपकडे, एफटीसीच्या (इथली ग्राहक संरक्षणाची सरकारी संस्था) फसवणूक नोंदवायच्या वेबसाइटवर आणि एफबीआयच्या आयसी3 या इंटरनेट गुन्ह्यांच्या तक्रार केंद्रावर अशा तिन्हीकडे तक्रार टाकली, मोच्याकडून लिहून घेतलं, फोटो जोडले. अ‍ॅपनं जाहिराती काढल्या, पैसे नाहीत.

घेताना काय बघायचं ते सांगतो. लेबलवरची तारीख मागा, लेबल नसेल तर विकणाऱ्यानं कोणतंही कारण सांगितलं तरी व्यवहार तिथेच थांबवा. मिडसोल कशाचा आहे विचारा, ईव्हीए (हा दुसऱ्या प्रकारचा फोम) असेल तर तो असा चुरा होत नाही, फक्त कालांतरानं दबून बसतो. खाचांच्या फोटोवर जाऊ नका, बाजूनं मिडसोलचा जवळून फोटो मागा, उजेडात, आणि बूट वाकवून काढलेला व्हिडिओ मागा, बारीक भेगा वाकवल्यावरच उघडतात. हातात आल्यावर लगेच अंगठ्यानं जोरात दाबा, नखानं कड खरवडा, पावडर किंवा चिकटपणा आला तर त्याच दिवशी परत. फटीत चमकणारा गोंद दिसला, काळा रंग बोटाला लागला, तरी परत. आणि तक्रारीची मुदत संपायच्या आत, पुढच्या आठवड्यासाठी न ठेवता, तांदळाची पोती किंवा पाण्याचे कॅन पाठीवर घेऊन ओल्या उतारावर एक दिवस काढा. पेमेंट क्रेडिट कार्डानं आणि अ‍ॅपमधूनच. नवे घेतलेत तरी दुकानाच्या सेलमध्ये कपाटात मागे पडलेला जोड मिळू शकतो, तिथेही तारीख बघा.

तिकडच्या मंडळींसाठीसुद्धा हे आहे. सह्याद्रीत पावसाळ्यानंतरच्या पहिल्या ट्रेकला कुणाचा तरी सोल निघतोच, मग चिंधी नाहीतर दोरीनं बांधून उतरवतात आणि सगळे म्हणतात बूट तर नवे होते, दोनदाच घातले होते. मुंबई, कोकण, पुण्याच्या पावसाळी हवेत माळ्यावर चार वर्षं बॉक्समध्ये ठेवलेला बूट दोनदाच घातलेला असला तरी जुनाच. अमेरिकेतून भावाला, मेहुण्याला म्हणून पाठवलेले, नंतर ग्रुपवर "इम्पोर्टेड, कोरे" म्हणून विकायला काढलेले जोड यात भरपूर असतात. हिमालयातल्या ट्रेकसाठी सांकरीला किंवा मनालीला भाड्यानं घेतानाही दुकानातच अंगठा दाबून बघा. भारतात ऑनलाइन पैसे जाऊन फसवणूक झाली तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितका लवकर तितकी रक्कम थांबवायची शक्यता जास्त, आणि दुकानदारानं जुना माल नवा म्हणून दिला असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे.

माझ्या बुटाचं वरचं लेदर चांगलं आहे, मोची नवा मिडसोल आणि सोल घालून देतो म्हणाला, दीडशे डॉलरच्या वर. म्हणजे एकूण नव्याच्या जवळपास किंमत झाली, तरी करून घेतोय. आणि तो विकणारा परत आलाय. नाव दुसरं, राज्य तेच, डेक तोच, यावेळी साइज दहा, आणि जिभेचा फोटो यावेळीही नाही. मी रिपोर्ट केलंय, मित्रानं केलंय. तुम्हाला लाकडी डेकवरचे, लेबल कापलेले, "एकदाही न घातलेले" युरोपियन हंटिंग बूट अर्ध्या किमतीत दिसले तर घेऊ नका आणि तुम्हीही रिपोर्ट करा, एकट्यादुकट्याच्या तक्रारीनं खातं बंद होत नाही.