शॅमेलिऑनची अंडी: कपाटातला डबा की इन्क्युबेटर?

पाळलेल्या शॅमेलिऑनच्या, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याच्या, मादीने अंडी घालून बीळ बुजवलं की तीन वाटा उरतात: अंडी तिथेच मातीत राहू द्यायची, डब्यात काढून घरातल्या थंड कपाटात ठेवायची, किंवा इन्क्युबेटर आणायचा. माझा कौल आधीच सांगून टाकतो. व्हेल्ड किंवा पँथर जातीचा शॅमेलिऑन असेल आणि घरातला एखादा कोपरा वर्षभर 20 ते 27 अंश सेल्सिअसमध्ये राहत असेल, तर घट्ट झाकणाचा डबा पुरे. तसा कोपरा आहे की नाही हे अंदाजाने ठरवू नका. तिथे कमाल-किमान नोंदवणारा थर्मामीटर ठेवून आठवडाभर आकडे बघा.

मातीतच ठेवण्याचा विचार सोडा. आतली ओल कळत नाही, दिव्याने माती तापते, मादी पुढच्या खेपेला तिथेच उकरते आणि पिल्लं बाहेर आलीच तर मोठ्यांच्या तोंडासमोर येतात.

खरा सामना उरलेल्या दोघांत आहे. इन्क्युबेटर म्हणून सहज मिळतं ते बहुधा कोंबडीच्या अंड्यांचं यंत्र. ते 37.5 अंशांच्या आसपास चालतं आणि अंडी फिरवत राहतं. इथे दोन्ही गोष्टी घातक. शॅमेलिऑनच्या अंड्यांना 30 च्या वरचं तापमान फार काळ सोसत नाही, आणि ती ठेवली तशीच राहायला हवीत. म्हणून काढतानाच वरच्या बाजूला मऊ पेन्सिलीने खूण करतात. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची यंत्रं बरी, पण त्यांतली बरीचशी फक्त तापवतात. खोलीच 31 अंशांवर असेल तर असं यंत्र त्याखाली जाणार कसं? उष्ण घरात गार करण्याचीही सोय असलेलं यंत्र हवं, नाहीतर पैसे पाण्यात. शिवाय थर्मोस्टॅट अडकला तर सगळी अंडी एका दिवसात जाऊ शकतात. कपाटात तापमान बदलतं ते सावकाश, आणि रात्रीच्या दोन-चार अंशांच्या उताराने काही बिघडत नाही. थंड घरात मात्र इन्क्युबेटरला पर्याय नाही.

आता जातीचं गणित. व्हेल्डची अंडी 24 ते 28 अंशांत साधारण 6 ते 9 महिने घेतात. ती सोशिक, कपाटाला साजेशी. पँथरला 6 ते 12 महिने लागतात. तिथे अनेक पाळणारे सुरुवातीचे दीड-दोन महिने 18 ते 20 अंशांचा गारवा देतात आणि मग तापमान 24-26 वर आणतात, म्हणजे सगळ्या भ्रूणांची वाढ एकाच वेळी सुरू होते आणि पिल्लंही फार मागे-पुढे होत नाहीत. हिवाळ्याच्या तोंडावर अंडी मिळाली तर कपाट हे काम फुकटात करतं. भर उन्हाळ्यात मिळाली तर गार करणारं यंत्र खरोखर उपयोगी. पार्सन्स शॅमेलिऑनची अंडी दीड-दोन वर्षं राहतात, तो अनुभवी माणसाचा खेळ. जॅक्सन्सची मादी तर थेट पिल्लंच देते, तिथे हा प्रश्नच नाही.

तापमान वाढवून घाई करू नका. अंडी लवकर फुटतात, पण पिल्लं लहान आणि अशक्त निघतात. तापमान बदलून नर-माद्या ठरवता येतात, असंही कुणी सांगेल. तसं काही कासवांत आणि गेकोंत (पालीच्या कुळातल्या प्राण्यांत) होतं. इथे लिंग गुणसूत्रं ठरवतात.

अंड्यांखाली काय घालायचं? व्हर्मिक्युलाइट की परलाइट (दोन्ही ओल धरणारी, हलकी दाणेदार खनिजं), यात मी व्हर्मिक्युलाइट निवडेन. जाड दाण्याचं घ्या आणि वजनाने जवळपास तितकंच पाणी मिसळा. मुठीत दाबल्यावर जेमतेम एखादा थेंब निघावा. परलाइट चालतं, पण त्यात पाणी तळाशी साचतं, आणि पांढऱ्यावर पांढरी अंडी दिसत नाहीत. अंडी अर्धी रुतवून बोटभर अंतरावर ठेवा. मग एक साधी युक्ती: भरलेल्या डब्याचं वजन झाकणावर लिहून ठेवा. महिन्याभराने जितके ग्रॅम घटले असतील तितकंच पाणी कडेने सोडा, अंड्यांवर नाही. पाण्याच्या अंदाजावरून होणारे सगळे वाद इथेच मिटतात. अधूनमधून झाकण उघडून हवाही बदला.

चांगली अंडी कचऱ्यात जातात ती बहुतेक वेळा पहिल्या दोन महिन्यांत. या अंड्यांतला भ्रूण सुरुवातीला अगदी प्राथमिक अवस्थेत थांबून असतो, त्यामुळे टॉर्च लावली तरी रक्तवाहिन्या दिसत नाहीत. न दिसणं म्हणजे मेलेलं नव्हे. पिवळं पडून चेपलेलं, बुरशी धरलेलं, वास मारणारं अंडं तेवढं काढा. नराशिवायही व्हेल्डची मादी अंडी घालते, ती अशीच खराब होतात.

फुटायच्या आधी अंड्यावर घामासारखे थेंब येतात, ते थोडं आक्रसतं, मग टोकाला चीर पडते. पिल्लू डोकं बाहेर काढून तासन्‌तास बसून राहील. ओढू नका, पोटातला बलक शोषून घ्यायला त्याला तो वेळ लागतो. उरलेली अंडी डब्यातच राहू द्या, आठवड्यांचा फरक पडू शकतो.

आणि हे सगळं करण्याआधी आकडा ठरवा. व्हेल्डची मादी एका वेळी 30-40 अंडी सहज घालते, कधी 60 च्या वरही. त्या प्रत्येक पिल्लाला फळमाश्या, बारीक नाकतोडे आणि काही महिन्यांत स्वतंत्र पिंजरा लागणार. दहाच सांभाळता येणार असतील तर दहाच डब्यात ठेवा आणि बाकीची पहिल्याच दिवसांत फ्रीझरमध्ये टाकून नष्ट करा.