सुपरनॅचरल बघायला घेताय? नियम बदलले की काय करायचं, ते आधी ठरवा

‘सुपरनॅचरल’ ही सॅम आणि डीन या भुतंखेतं मारत फिरणाऱ्या दोन भावांची अमेरिकन मालिका. सीझन १५, भाग ३२७. सप्टेंबर २००५ मध्ये सुरू झालेली ही मालिका नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. मधल्या काळात तिची सूत्रं एरिक क्रिपकीकडून सेरा गँबलकडे, तिच्याकडून जेरेमी कार्व्हरकडे आणि शेवटी अँड्र्यू डॅब व रॉबर्ट सिंगर या जोडीकडे गेली. इतक्या हातांतून गेलेल्या भुतांचे नियम जागच्या जागी राहिले असते तरच नवल. ठाणे–वाशी लोकलमध्ये रोज थोडं थोडं बघणाऱ्याला हे फारसं टोचत नाही; कोपरखैरण्याला उतरायच्या घाईत कालचा नियम कोणाला आठवतो? शनिवार-रविवार ठाण मांडून बसणाऱ्याला मात्र टोचतं. (पुढे बरंच कथानक फुटणार आहे. कोरं राहायचं असेल त्यांनी इथेच थांबावं.)

टोचतं म्हणजे कसं, तर रीपरचंच घ्या. माणूस गेला की त्याला न्यायला येणारे हे, आपल्याकडच्या यमदूतांचे भाऊबंद. सुरुवातीच्या सीझनमध्ये ते स्वतंत्र, आपलं काम बरं नि आपण बरे. पाचव्यात खुद्द मृत्यूच अवतरतो. आठव्या-नवव्यात अचानक कळतं की रीपर ही देवदूतांचीच एक जात आहे आणि देवदूतांना मारणाऱ्या पात्यानं तेही मरतात. पुढे तेराव्यात बिली नावाची रीपर मेल्यावर स्वतःच मृत्यूच्या गादीवर बसते, आणि देवदूतांची भानगड मागे पडते. कोल्ट या जादुई पिस्तुलाचं त्या मानानं बरं. पहिल्या सीझनमध्ये त्यानं काहीही मरतं. पाचव्यात ल्युसिफर, म्हणजे सैतान, डोक्यात गोळी खाऊन उठतो आणि सांगतो, सृष्टीत पाचच गोष्टी याला दाद देत नाहीत, मी त्यांतला एक. उरलेले चार कोण, ते तो सांगत नाही. पळवाटच, पण ऐटीत काढलेली.

चाहत्यांचे यावर ढोबळमानाने तीन पंथ आहेत.

पहिला ‘पाचपर्यंतच’वाल्यांचा. क्रिपकीच्या डोक्यात गोष्ट पाच सीझनांची होती आणि मे २०१० मधला पाचव्याचा शेवट खराखुरा शेवट वाटतो. इथवर नियम बऱ्यापैकी टिकतात: मीठ, लोखंड, अस्थी जाळणं. भयकथेला हे लागतंच. दारातली मिठाची रेघ भुताला अडवते हे पक्कं ठाऊक असेल, तरच ती वाऱ्यानं विसकटताना पोटात गोळा येतो. पण इथे थांबलात तर भावांच्या हॅकर मैत्रिणीला, चार्लीला मुकाल, ‘मेन ऑफ लेटर्स’ या गूढविद्येच्या गुप्त मंडळाच्या बंकरला मुकाल, आणि क्रॉली या सैतानी पात्राची तर कुठे नीट ओळख झालेली असते.

दुसरा पंथ जुळवणाऱ्यांचा. नौपाड्यातल्या एका मैत्रिणीची वही मी पाहिली आहे. डाव्या पानावर ‘काय दाखवलं’, उजव्या पानावर ‘कसं बसवायचं’. रीपरपुढे तिनं लिहिलंय: ‘दोन जाती. जुने मृत्यूच्या आस्थापनेवरचे, नवे स्वर्गातून बदलीवर आलेले.’ मालिकेत याला कसलाही आधार नाही, तरी चपखल बसतं. आणि हा उद्योग आपल्याला काही नवा नाही. गणपतीचं मस्तक एका कथेत शंकराच्या हातून जातं, दुसरीत शनीच्या दृष्टीनं. शिवपुराण या दोन्हींची गाठ कल्पभेदावर घालून मोकळं होतं: ती गोष्ट त्या कल्पातली, ही या कल्पातली. कार्तिकेय आपल्याकडे ब्रह्मचारी, तमिळनाडूत वल्ली आणि देवसेनेचा नवरा. नेरूळच्या एखाद्या इमारतीत दोन्ही मानणारी घरं समोरासमोर नांदतात आणि कोणी कोणाकडे पुरावा मागत नाही. मला स्वतःला हा पंथ सगळ्यात जवळचा. मात्र एकट्यानं करायचं हे काम नव्हे. भाग मध्येच थांबवून हुज्जत घालायला समोर कोणी हवं, शक्यतो ठाण्याच्या तलावपाळीवर, आणि घरी परतायची घाई नको.

तिसरा पंथ मालिकेनंच दिलेलं उत्तर मानतो. चौथ्या सीझनमध्ये चक नावाचा लेखक भेटतो. या दोन भावांच्या आयुष्यावर तो कादंबऱ्या लिहितो आणि पहिल्या सीझनमधल्या किड्यांच्या त्या रटाळ भागाबद्दल चक्क त्यांची माफी मागतो. अकराव्यात तो देव निघतो, चौदाव्याच्या अखेरीस खलनायक: सगळं यानंच रचलेलं. म्हणजे कुठलीही विसंगती काढा, उत्तर तयार, लेखकाची लहर! हुशारी आहे, नाही कशाला म्हणा. पण मला ती पटत नाही. लहरीवरच सगळं चालत असेल तर मिठाची रेघ शोभेपुरती उरते, आणि पहिल्या पाच सीझनांतली भीतीही मागे जाऊन पुसली जाते. सॅम आणि डीन या दोन भावांसाठीच मालिका बघणाऱ्यांना मात्र याचं काही वाटत नाही. त्यांच्यासाठी हाच सोयीचा मार्ग, डोक्याला ताप नाही.

मग तुम्ही काय करावं? भुताखेतांसाठी बघत असाल तर पाचव्याला थांबा, बिनधास्त. भावांसाठी बघत असाल तर पंधराही बघा आणि रीपरची जात विचारू नका. घरात दोघं-तिघं मिळून बघणार असाल तर वही घाला, फक्त पहिल्यांदाच बघणाऱ्यासमोर उजवं पान उघडू नका; पुढचं सगळं तिथेच फुटतं. आणि पाचवा संपल्यावर लगेच सहावा लावू नका, आठवडाभर जाऊ द्या. सूत्रं नव्या हातात गेल्यावर मालिकेची चाल बदलते, आणि लागोपाठ बघितलं की सहावा आहे त्याहून वाईट वाटतो.