हनोईला चारच दिवस आहेत, हालोंग बे करू की निन्ह बिन्ह?

व्हिएतनामचं तिकीट काढलं की हा प्रश्न येतोच, आणि दोन्ही करू म्हणून चार दिवसांत दोन्ही कोंबलं की हनोईच बघायची राहते. आम्ही आई-बाबांना घेऊन गेलो होतो, हाताशी आठवडा होता म्हणून दोन्ही जमलं. त्यावरून माझं मत पक्कं झालंय: एकच दिवस मोकळा असेल तर निन्ह बिन्ह, एक रात्र बाहेर काढता येत असेल तर हालोंग. पण सकाळी हालोंगला जाऊन रात्री परत यायचं, हे प्लीज करू नका.

हालोंग म्हणजे समुद्रातून वर आलेल्या चुनखडीच्या डोंगर-बेटांचा उपसागर, हनोईपासून साधारण १६० किमी, हायवेने अडीच तास, तेवढेच परत, म्हणजे पाच तास गाडीत गेले आणि बोटीवरचा उरलेला वेळ जेवण, गुहा, फोटो यातच संपतो. खरी मजा रात्री बोटीवरच राहिलं की, दिवसाच्या बोटी परत गेल्यावर सुरू होते, पाणी शांत होतं, आणि पहाटे धुक्यातून एकेक डोंगर हळूहळू दिसायला लागतो. बेटं सोळाशेच्या आसपास आहेत, युनेस्कोच्या यादीत १९९४ पासून. आई साडेपाचला शाल घेऊन डेकवर बसली ती नाश्त्याला बोलावलं तेव्हाच उठली, तो अर्धा तास माझ्यासाठी सगळ्या ट्रिपचा कळस.

निन्ह बिन्ह दक्षिणेला, ९५ किमीच्या आसपास, दोन तासांत पोचतो. ट्रेन आहे, शिवाय नऊ सीटच्या व्हॅन मिळतात, तिकडे त्यांना लिमोझिन म्हणतात, नाव ऐकून महाग असेल असं समजू नका. डोंगर तसेच चुनखडीचे, फक्त समुद्राऐवजी खाली नदी आणि भातशेती, त्यामुळे आपल्या माणसाला ते लगेच जवळचं वाटतं. बोटीसाठी ताम कोक किंवा ट्रांग आन, यातलं एकच घ्या. ट्रांग आनला गुहा जास्त, वेळही जवळपास तीन तास, आणि काही गुहांचं छत इतकं खाली येतं की वाकूनच बसावं लागतं, बाबांची पाठ तिथे बोलायला लागली. वयस्कर कोणी बरोबर असेल तर ताम कोक बरं, लवकर आटपतं आणि नावाडी पायांनी वल्ही मारतात ते बघत राहावंसं वाटतं. मे अखेर, जूनच्या सुरुवातीला गेलात तर दोन्ही बाजूंना भात पिवळं झालेलं असतं. हांग मुआ या डोंगरावर चढायच्या पाचशेच्या आसपास पायऱ्या मात्र गुडघे धड असतील तरच. जवळच होआ लू आहे, दहाव्या शतकातली राजधानी, तिथूनच १०१० मध्ये राजधानी आजच्या हनोईच्या जागी हलवली, म्हणून मला तर हनोई बघताना हे बघणं जास्त जोडलेलं वाटलं.

हवामानाचं आधी बघा. जुलै ते सप्टेंबर वादळांचे महिने, वादळ आलं की बंदरातून बोटी सोडतच नाहीत आणि हालोंगचा प्लॅन आयत्या वेळी रद्द होतो. सप्टेंबर २०२४ च्या यागी वादळाने तिथे फार नुकसान केलं. निन्ह बिन्हला पाऊस आला तरी दिवस अगदीच फुकट जात नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी चक्क स्वेटर लागतो आणि धुकं असं की कधीकधी समोरचं बेट दिसत नाही. मला विचाराल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर.

शाकाहारी असाल तर क्रूझवाल्यांना बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा, फिश सॉस नको हे वेगळं सांगा, तो कशातही असतो. निन्ह बिन्हला बोकडाचं मटण प्रसिद्ध, पण 'कॉम चाय' अशी पाटी दिसली की बिनधास्त आत जा, ते शाकाहारी जेवण.

आणि हो, व्हिएतनामचे राष्ट्रनेते हो चि मिन्ह यांची हनोईतली समाधी सोमवारी आणि शुक्रवारी बंद असते, उघडी असते तीही सकाळीच, तेव्हा बाहेरगावचा दिवस त्या दोनपैकी एका वारी टाका.