छोट्या पात्रांच्या रोजच्या अडचणी: काही महिने या कथा मुलांबरोबर वाचल्यानंतर

लहान वयाची पात्रं आणि त्यांच्या साध्यासुध्या अडचणी असलेल्या लघुकथा मुलांना वाचून दाखवाव्यात का, असं कुणी विचारलं तर मी ठामपणे हो म्हणेन. मात्र कथा पारखून घ्याव्या लागतात आणि त्या वाचायची एक रीत सांभाळावी लागते. काही महिन्यांच्या वाचनानंतर या दोन्ही गोष्टींबद्दल माझं मत बरंच पक्कं झालंय, म्हणून सविस्तर लिहिते.

घरात ऐकणारे दोघं. मुलगी बारा वर्षांची, भाचा नऊचा. रात्रीची आवराआवर झाली की मोठ्यानं वाचून एक कथा. बहुतेक कथा एका बैठकीत संपतात आणि दमलेल्या पोरांसाठी हे फार महत्त्वाचं आहे. अट एकच ठेवली होती: जादू, खजिना, गुन्हेगार वगैरे काही नको. वस्तू हरवणं, वर्गात अपमान होणं, खिशात पैसे नसणं, मैत्रिणीनं बोलणं सोडणं, केलेलं लपवणं, नव्या जागी एकटं पडणं, अशा कथा हव्या होत्या. मुलांचे दिवस याच गोष्टींनी भरलेले असतात, आणि मोठ्यांना त्या क्षुल्लक वाटतात म्हणूनच त्या कुणीतरी नीट सांगायला हव्यात.

सगळ्यात आधी मनातून उतरल्या त्या तात्पर्याच्या कथा. मुलांसाठी म्हणून लिहिलेल्या कथांमध्ये यांचा भरणा मोठा असतो. मुलगा अभ्यास टाळतो, कमी गुण मिळतात, आजी जवळ बसवून समजावते, पुढच्या परीक्षेत तो पहिला येतो. मुलगी खोटं बोलते, पकडली जाते, रडते, माफी मागते, सगळे हसतात. पहिल्या काही वेळा पोरांनी निमूट ऐकलं. मग भाचा मधूनच सांगायला लागला, "आता हा सॉरी म्हणणार." तो बरोबर असायचा. कथेतल्या पोराची अडचण मुळात शिकवणुकीसाठी घडवलेली आहे, हे नऊ वर्षांच्या मुलालाही कळतं आणि एकदा कळलं की त्या पात्राची काळजी वाटणं थांबतं. या कथांत मुलाला स्वतःचं असं काही करायला मिळतच नाही. मोठं माणूस येतं, बोलतं, प्रश्न सुटतो.

रशियन लेखक चेखवनं १८८८ च्या ऑक्टोबरमध्ये आपला प्रकाशक-मित्र सुवोरिन याला एक पत्र लिहिलं होतं. त्यात तो दोन गोष्टींत फरक करतो: प्रश्न सोडवणं आणि प्रश्न नीट मांडणं. लेखकावर बंधन आहे ते दुसऱ्याचंच, असं तो म्हणतो. मुलांच्या कथांना ही कसोटी लावून पाहिली तर निवड खूप सोपी होते. त्याच्या आधी दोन वर्षं, १८८६ मध्ये, त्यानं स्वतः 'वांका' लिहिली होती. ती आम्ही वाचली आणि आमच्या वाचनाचा सूरच बदलला.

वांका नऊ वर्षांचा आहे, मॉस्कोत एका चांभाराकडे कामाला ठेवलेला. मारहाण होते, पोट भरत नाही. घरातली मंडळी बाहेर गेल्यावर तो गावच्या आजोबांना पत्र लिहितो: मला इथून घेऊन जा. पाकिटावर पत्ता घालतो, 'गावी, आजोबांना.' मग डोकं खाजवून, विचार करून आजोबांचं नाव लिहितो. गावाचं नाव नाहीच. पत्र पेटीत पडतं आणि तो आशेनं झोपी जातो.

या कथेकडे सहसा करुण म्हणून पाहिलं जातं आणि ती तशी आहेच. पण मुलांबरोबर वाचताना मला तिच्यात दुसरंच काही दिसलं. या मुलानं किती केलंय! पत्र कसं पाठवतात हे आदल्या दिवशी दुकानातल्या माणसांना विचारून घेतलंय. पाकीट स्वतःच्या एका कोपेकनं, म्हणजे तिथल्या छोट्या नाण्यानं, विकत घेतलंय. दौत-टाक मिळवलाय, सगळे बाहेर जाण्याची वाट पाहिलीय, आणि अंगावर कोट न चढवता नुसत्या सदऱ्यावर धावत जाऊन पत्र टाकलंय. फक्त एक गोष्ट त्याला ठाऊक नव्हती, आणि ती सांगणारं कुणी नव्हतं. भाचा वाचन संपल्यावर विचारत राहिला, "पण पोस्टमन शोधेल ना?" मुलीला कळलं होतं, ती गप्प होती. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून कागदावर वांकासाठी पूर्ण पत्ता तयार केला, गावाचं नाव मनानं ठरवून. मी काही सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून प्रत्येक कथेला मी एकच प्रश्न विचारते: या मुलाच्या हातात आत्ता काय आहे? मोठ्यांच्या हातात पैसा असतो, ओळखी असतात, नाही म्हणायचा अधिकार असतो. मुलांच्या हातात फार थोडं असतं. चांगली कथा ते थोडंसं काय आहे हे नेमकं दाखवते आणि त्यातून जेवढं होऊ शकतं तेवढंच होऊ देते.

प्रेमचंदांच्या 'ईदगाह'मधल्या हामिदच्या हातात तीन पैसे आहेत. कथा बहुतेकांना माहीत असते: मित्र खेळणी घेतात, चार-पाच वर्षांचा हामिद आजीसाठी चिमटा घेतो, कारण तव्यावरून पोळी काढताना तिची बोटं भाजतात. बहुतेक ठिकाणी ती 'त्यागाची कथा' म्हणून सांगितली जाते आणि तिथंच तिचं नुकसान होतं. दुकानापाशीचा प्रसंग नीट वाचा. दुकानदार सहा पैसे सांगतो. हामिदचा चेहरा उतरतो. दुकानदार पाचावर येतो. हामिद काळीज घट्ट करून विचारतो, तीन घेणार का? आणि विचारून तसाच पुढे चालू लागतो, दुकानदाराचं खेकसणं ऐकावं लागू नये म्हणून. खेकसणं येतच नाही, दुकानदार त्याला हाक मारून चिमटा देतो.

माझ्या मते सगळी कथा त्या चालू लागण्यात आहे. विचारायचं तर आहे, पण नकार तोंडावर ऐकायची ताकद नाही, मग विचारून लगेच पाठ फिरवायची. हे प्रत्येक मुलानं कधी ना कधी केलेलं असतं. भाच्यानं तिथं मला थांबवलं आणि तेच वाक्य पुन्हा वाचायला लावलं. पुढं मित्र हसतात तेव्हा हामिद चिमट्याची अशी काही थोरवी गातो की खेळणीवाले हरतात. हेही अडचण हाताळणंच आहे. आपल्याकडे जे आहे त्याची लाज वाटू न देता त्याच्या बाजूनं भांडणं. आणि घरी गेल्यावर आजी आधी छाती बडवून घेते, रागावते, कौतुक नंतर येतं. उपदेशाच्या कथेत आजीनं पहिल्याच ओळीत पाठ थोपटली असती.

मुलीला सगळ्यात जवळची वाटली ती अमेरिकन लेखिका सान्ड्रा सिस्नेरोस यांची 'इलेव्हन', १९९१ च्या त्यांच्या संग्रहातली. रेचेलचा अकरावा वाढदिवस. वर्गात एक जुनाट लाल स्वेटर सापडतो, कुणीतरी म्हणतं हा रेचेलचा, आणि बाई तो तिच्या बाकावर आणून ठेवतात. ती 'माझा नाही' म्हणते, पण बाईंच्या कानांपर्यंत ते पोचतच नाही. मग ती पट्टीनं तो स्वेटर सरकवत सरकवत बाकाच्या कडेला नेते. शेवटी बाई तिला तो घालायला लावतात आणि ती सगळ्या वर्गासमोर रडते. थोड्या वेळानं दुसऱ्याच मुलीला आठवतं की स्वेटर आपला आहे. बाई काहीच घडलं नाही असं वागतात.

अशा प्रसंगी मुलांना आपण सांगतो, 'मग बोलायचं ना!' ही कथा दाखवते की ती बोलली होती. इथं रेचेलच्या हातात आहे फक्त एक पट्टी. ती पट्टी म्हणजे तिचा सगळा विरोध. मुलगी त्या रात्री काही बोलली नाही. बऱ्याच दिवसांनी शाळेतून आल्यावर म्हणाली, "आज माझं लाल स्वेटरसारखं झालं." मग सगळं सांगितलं: कुणाची तरी चूक तिच्या नावावर गेली होती आणि तिचं ऐकून घेतलं गेलं नव्हतं. एरवी 'शाळेत काय झालं?' या प्रश्नाला तिच्याकडून 'काही नाही' याच्या पुढे उत्तर मिळत नाही. या कथांचा मला दिसलेला सर्वांत मोठा फायदा हाच. मुलांच्या वागण्यात एकदम फरक पडला, असं मी म्हणणार नाही. पण जे सांगता येत नव्हतं त्याला धरायला एक जागा मिळाली, आणि ती जागा तिला तिच्या वेळेला सापडली.

मोठ्या माणसांनी कसं असावं, यासाठी मला अमेरिकन लेखक लँग्स्टन ह्यूज यांची १९५८ ची 'थँक यू, मॅम' फार मोलाची वाटली. रॉजर नावाचा मुलगा रात्री एका बाईंची पर्स हिसकावायला जातो, पडतो, पकडला जातो. त्याला निळे स्वेडचे बूट हवे असतात. बाई त्याला घरी नेतात, तोंड धुवायला लावतात, खाऊ घालतात. आपणही तरुणपणी अशा गोष्टी केल्यात ज्या सांगणार नाही, एवढंच म्हणतात, आणि दार उघडं, पर्स तिथंच, असं ठेवून पडद्यामागे स्वयंपाकाला लागतात. रॉजर पळत नाही. तो खोलीत मुद्दाम अशा बाजूला बसतो जिथून बाईंना तो डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसेल. आपल्यावर अविश्वास नसावा, असं त्याला वाटायला लागलंय. एका मुलानं बसायची जागा बदलली, बस्स, एवढीच घटना. मी ही कथा शिक्षक आणि पालकांना आधी वाचायला सांगेन.

आता उणिवा, कारण त्या आहेत आणि महिन्यांनंतरच नीट दिसतात.

लघुकथेला वळण लागतं. एक क्षण, एक निर्णय, एक उलगडा. सलग वाचत गेलं की मुलांना वाटू लागतं की प्रत्येक अडचणीला असा एक क्षण असतोच. खऱ्या आयुष्यात एकटं पडणं महिनोन् महिने चालतं, त्यात वळण बिळण काही नसतं. यावर उपाय म्हणून मी मधूनमधून रोजनिशीचे, आठवणींचे तुकडे वाचते, जिथं काही सुटत नाही आणि दिवस पुढे सरकतो.

फोन आणि मुलांचे ग्रुप यांवरच्या चांगल्या कथा मला फार कमी सापडल्या. जिथं फोन येतो तिथं तो खलनायक असतो आणि शेवटी कपाटात ठेवला जातो. पण ग्रुपमधून काढून टाकलेल्या मुलीचं दुःख फोन कपाटात ठेवून जात नाही. हा विषय लेखकांनी मनावर घ्यावा अशी माझी कळकळीची इच्छा आहे. अपंग किंवा दीर्घ आजारी मुलं कथेत येतात ती बहुधा इतरांना प्रेरणा देण्यासाठी. त्यांनाही हरवलेली वही, रुसलेला मित्र असतो, हे क्वचितच दिसतं.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगते. मूल मार खात असेल, कुणी छळत असेल, तर कथा वाचून दाखवणं पुरेसं नाही. तिथं मोठ्यांनी मध्ये पडायचं असतं. वांकाची कथा वाचून आपल्याला हेच तर टोचतं.

वाचायच्या रीतीबद्दल मला जे उपयोगी पडलं ते असं. निर्णयाच्या अलीकडे थांबायचं आणि 'तू काय केलं असतंस?' असं न विचारता 'याला काय काय करता येईल?' असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाला मुलं आपल्याला आवडेल असं उत्तर देतात. दुसऱ्याला खरी उत्तरं येतात, त्यात पळून जाणं आणि खोटं बोलणंही येतं, आणि ती ऐकून घ्यायची. शेवटी 'यातून काय शिकलात?' हे कधीच विचारायचं नाही. ज्या दिवशी मुलाची वस्तू हरवलीय त्याच रात्री हरवलेल्या वस्तूची कथा काढायची नाही, ती त्याला बोलणी खाल्ल्यासारखी लागते. आठवडा-दोन आठवडे जाऊ द्यावेत. आवडलेली कथा पुन्हा मागितली तर पुन्हा वाचावी. 'ईदगाह' आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा मागितली गेली. आणि वाचताना आवाज रडवेला करायची गरज नसते, चांगल्या लेखकानं जेवढं सांगायचं तेवढं सांगितलेलं असतं.

वयाचं म्हणाल तर 'ईदगाह' आठव्या-नवव्या वर्षापासून चालते. 'इलेव्हन' दहाच्या पुढे, 'थँक यू, मॅम' साधारण अकरापासून. 'वांका' वाचताना सोबत मोठं माणूस हवंच, कारण वाचून झाल्यावर प्रश्न येतात आणि ते झोपेच्या वेळेच्या पुढे जातात. शक्यतो दुसऱ्या दिवशी सुट्टी असताना वाचा.

आमचं वाचन चालू आहे. सध्या शोध आहे तो अशा कथांचा, ज्यात दोन मित्र भांडतात आणि शेवटपर्यंत त्यांचं जमत नाही. मुलीनं मागितल्यात. अजून मनासारखी एकही मिळालेली नाही, कुणाला माहीत असेल तर जरूर सुचवा.