बोवरची ट्रोलिंग मोटर, शाफ्ट ५४ इंच: काही महिन्यांच्या वापरानंतर

ट्रोलिंग मोटर म्हणजे मासेमारीत बोट हळू चालवायची छोटी विजेची मोटर; माझी बोवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, बसते. पंखा ज्या दांड्याच्या टोकाला पाण्यात असतो तो शाफ्ट. मोटर २४ व्होल्टची, ८० पौंड थ्रस्टची (ढकलण्याची ताकद), जीपीएस अँकरसह, म्हणजे बोट आपोआप एका जागी धरून ठेवायची सोय. बोट १७ फुटी फायबरची, पुढच्या डेकपासून पाण्यापर्यंत २० इंच. कंपन्यांच्या मापाच्या तक्त्याप्रमाणे या उंचीला ४८ इंची शाफ्ट पुरतो. तरी ५४ घेतला, आणि आता परत निवडायची वेळ आली तरी ५४च घेईन. पण त्याचा त्रासही आहे.

आधी मापाचं. कंपनीगणिक आकडे थोडे हलतात, पण बोवरच्या मोटरसाठी हिशेब साधारण असा: माउंट बसतो तिथून पाण्यापर्यंत १० इंचांपर्यंत अंतर असेल तर ३६ इंची शाफ्ट, १० ते १६ ला ४२, १६ ते २२ ला ४८, २२ ते २८ ला ५४, त्यापुढे ६० किंवा जास्त. उघड्या, लाटांच्या पाण्यात मोजलेल्या अंतरात ५ इंच मिळवायचे. २० चे २५ होतात आणि उत्तर थेट ५४ वर जातं.

चूक होते ती टेप लावताना. ट्रेलरवर उभ्या बोटीचं माप कामाचं नाही. बोट पाण्यात हवी, टाकी भरलेली, बॅटऱ्या आणि सामान जागच्या जागी. बोचा आकार पुढे निमुळता आणि तिरका असतो, त्यामुळे टेप बोटीच्या अंगाला चिकटवून धरली की अंतर फुगतं. डेकवर सरळ पट्टी ठेवून ती पुढे काढा आणि तिच्या टोकावरून टेप उभी सोडा. मग दोनदा मोजा: एकदा माणूस पुढे उभा असताना, एकदा सगळे मागे असताना. दोन्हींत काही इंचांचा फरक पडतो. मोठा आकडा धरा, कारण मासा जाळीत घ्यायला सगळे मागे धावतात तेव्हाच बो वर उठतो आणि पंखा उघडा पडतो.

आखूड शाफ्टचं दुखणं पंखा पूर्ण बाहेर यायच्या आधीच सुरू होतं. पंख्यावर दोन-तीन इंचच पाणी असेल तर तो वरून भोवरा करून हवा ओढतो. गुरगुर ऐकू येते, मोटर मोकळी फिरते आणि ढकल जवळजवळ संपते. अँकर मोडमध्ये हे फार महागात पडतं: बोट सरकते, कंट्रोलर वेग वाढवतो, पंखा आणखी हवा ओढतो, पुढच्या लाटेत पुन्हा पाण्यात आपटतो. बॅटरी लवकर उतरते आणि बोट जागेवर राहत नाही ती नाहीच. पंख्याच्या वरच्या पात्यावर निदान ६ इंच पाणी राहील असं बघा. लाटांत त्याहून जास्त.

५४ मध्ये ही गुरगुर मधल्या लाटांत ऐकू येत नाही. शांत पाण्यात मात्र शाफ्ट वर ओढून घ्यावा लागतो, नाहीतर उथळ जागी मोटर शेवाळात आणि दगडांत शिरते. वर घेतला की कंट्रोल हेड (शाफ्टच्या वरच्या टोकाचं डोकं) गुडघ्याच्या वर येतं आणि गळाची दोरी त्यावर अडकते. गळ फेकताना त्याचा राग येतोच. पण लांब शाफ्ट वर घेता येतो, आखूड खाली वाढवता येत नाही; माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

शाफ्ट खाली-वर करताना सोनारच्या (पाण्याखालची खोली आणि मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या) केबलकडे लक्ष ठेवा. खालच्या ट्रान्सड्यूसरची (सोनारच्या पाण्यातल्या सेन्सरची) केबल ढिली पडली की तिचा फेरा थेट पंख्याजवळ लोंबतो. शाफ्टला बांधायच्या पट्ट्या दर फुटावर, आणि वाकण्याच्या जागी केबलला थोडीच ढील.

डेप्थ कॉलरचा (शाफ्ट ठरलेल्या उंचीवर धरणाऱ्या कड्याचा) स्क्रू वापरात सैल होतो आणि शाफ्ट हळूहळू खाली सरकतो. नेहमीच्या उंचीवर कायम शाईची खूण करून ठेवा, सरकलं की लगेच दिसतं. लांब शाफ्ट म्हणजे लांब तरफ: बुडालेल्या खोडाला धडकला की सगळा जोर माउंटवर येतो. नुसते लाकडी स्क्रू कधीच पुरत नाहीत. आरपार बोल्ट, डेकखाली जाड पट्टी आणि नायलॉनवाले लॉकनट हवेत, आणि तेही अधूनमधून आवळावे लागतात. मुख्य इंजिनावर वेगाने जाताना आडवा ठेवलेला शाफ्ट आपटत असेल तर खाली टेकू आणि वरून पट्टा लागतो. आडवा केल्यावर मोटरचं बूड डेकवरच्या झाकणावर येत नाही ना, हे विकत घेण्याआधीच टेप टाकून बघावं.

शाफ्ट कापून आखूड करता येईल का, तर आत वायरिंग असतं आणि वॉरंटी जाते. तो विचारच नको.

मागच्या फळीवर मोटर लावणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. तिथे फळीच्या वरच्या कडेपासून मोजतात: १० इंचांपर्यंत ३०, १० ते १६ ला ३६, त्यापुढे ४२. हाताने चालवायची असल्यामुळे तिथे उगाच लांब शाफ्ट घेतला तर हँडल कोपराच्या वर जातं आणि तासाभरात खांदा बोलू लागतो.