नागपुरात बर्डीवरचा ३५० वाला अर्डुइनो उनो क्लोन: नऊ-दहा महिन्यांनंतर (आणि दुकानदाराशी झालेलं भांडण)

आधीच सांगतो, बोर्ड (प्रोग्राम टाकून एलईडी वगैरे चालवायच्या अर्डुइनो उनोची स्वस्त नक्कल) चांगला आहे. एप्रिलमधे याला एक स्टार देणार होतो, रिव्ह्यू अर्धा टाइपही केला होता, तो खोडून हा लिहून राहिलो.

मागच्या ऑगस्टमधे घेतला, महालक्ष्म्यांच्या मखराला ६० एलईडीची डब्ल्यूएस२८१२ पट्टी (प्रत्येक एलईडीचा रंग वेगळा ठरवता येतो ती) लावायची होती. स्पेक्स काय, मूळ उनोचाच एटीमेगा३२८पी प्रोसेसर, तोच १६ मेगाहर्ट्झ, यूएसबीला सीएच३४० चिप. लायब्ररी, म्हणजे पट्टीचा आयता कोड, वापरली असती तर एवढं रामायण झालंच नसतं, पण मला हौस, एका बिटाला १.२५ मायक्रोसेकंद म्हणजे प्रोसेसरचे मोजून २० ठोके (सायकल), ते आपणच इनलाइन असेंब्लीत, म्हणजे कोडच्या मधेच थेट प्रोसेसरच्या सूचना टाकून, लिहायचं. पहिल्याच दिवशी असेंब्लर ओरडला की १५ च्या वरचं रजिस्टर (प्रोसेसरच्या आतला आकडा ठेवायचा कप्पा) पाहिजे. बरोबरच होतं, एलडीआय (रजिस्टरमधे आकडा भरायची सूचना) फक्त आर१६ ते आर३१ वर चालते आणि मी कन्स्ट्रेंट (कोणतं रजिस्टर चालेल ते कंपायलरला सांगणारं अक्षर) दिला होता नुसता 'आर', म्हणजे कोणतंही चालेल. तिथे 'डी', म्हणजे फक्त वरची रजिस्टरं, टाकलं, काम झालं. मखर झकास दिसलं, दिवाळीतही पट्टी चालली, मी खुश.

एप्रिलमधे तीच पट्टी कूलरच्या टाकीत पाणी किती ते दाखवायला लावली. कोड साफ करताना खालची सिरियल प्रिंटची (कॉम्प्युटरवर आकडा छापायची) एक ओळ उडवली आणि पट्टी येडी झाली. हिरवं मागितलं तर पांढरट, मधेच जांभळं, आणि १० नंबर पिनवरचा लाल एलईडी, ज्याला कोडमधे हातही लावला नव्हता, तो मंद पेटून राहिला. बाहेर ४४ डिग्री, म्हटलं उन्हानं चिप गेली. मग वाटलं पॉवर कमी पडते, सगळे ६० पांढरे पेटवले तर साडेतीन अँपिअरच्या वर जाते ना, म्हणून नवा अ‍ॅडॉप्टर आणला. तेही पैसे गेले.

मग गेलो भर दुपारी दुकानात, दुपट्टा बांधून. दुकानदारानं ब्लिंक (एलईडी लुकलुकवायचा छोटा प्रोग्राम) टाकलं, एलईडी लुकलुकला. "भाऊ, बोर्ड तं बरोबर चालून राहिला ना, तुमचा कोड पहा ना जरा." मी म्हटलं, "कोडले काय झालं, सात महिने चालला ना तो!" आवाज चढले, मी फुकट बदलून मागत होतो, तो देत नव्हता, शेवटी रागात दुसरा बोर्ड विकत घेतला. घरी येऊन लावला. तोच जांभळा रंग.

तिथे माझं तोंड बंद झालं. गंमत म्हणून प्रिंटची ओळ परत टाकली तर पट्टी ठीक! मग ऑब्जडंप (कंपायलरनं खरंच कोणत्या सूचना बनवल्या त्याची यादी) काढून दोन्ही बिल्ड शेजारी ठेवले. पोर्ट (पिनांचा गट) खाली आणायची किंमत आणि आठ बिट मोजायचा काउंटर, दोघंही आर२४ मधे. म्हणजे पिन खाली आणायच्या वेळी पोर्टवर काउंटरचाच आकडा जाऊन राहिला होता, ८, ७, ६ असा, आणि त्यातला ४ चा बिट म्हणजेच १० नंबरची पिन. लाल एलईडी बिचारा पहिल्या दिवसापासून उत्तर सांगत होता.

जीसीसी, म्हणजे कंपायलर, असं धरून चालतो की असेंब्लीच्या तुकड्यात आउटपुटमधे काही लिहायच्या आधी सगळे इनपुट वापरून झालेले असतात, म्हणून नंतर लागणार नसलेल्या इनपुटचंच रजिस्टर तो खुशाल आउटपुटला देतो. माझा काउंटर मात्र पहिल्याच ओळीत लिहिला जायचा, इनपुट शेवटपर्यंत लागायचा. प्रिंटमधे ती किंमत नंतर छापत होतो म्हणून इतके दिवस तिचं रजिस्टर वाचलं, नाहीतर महालक्ष्म्यांसमोरच इज्जत गेली असती. इलाज काय, तर '=' आणि 'डी' च्या मधे एक '&'. बस. मॅन्युअलमधे अर्ली क्लॉबर (इनपुट संपायच्या आधीच लिहिलं जाणारं आउटपुट) म्हणून स्पष्ट लिहिलंय, मीच वाचलं नव्हतं. पण बाप्पा, सगळ्या वॉर्निंग चालू असून कंपायलर एक शब्द बोलत नाही, याचा राग मला अजून आहे.

जुना बोर्ड मे महिनाभर कूलरवर होता, एकदाही अडकला नाही, पाच स्टार. दुकानात जाऊन सॉरी म्हटलं, त्यानं चहा पाजला, पण पाकीट फोडलेला दुसरा बोर्ड काही परत घेतला नाही. धरमपेठकडे कोणाला पाहिजे असेल तर ३०० ला देतो.