साधी काळी सायकल : आठ महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

फलटणपासून सहा किलोमीटरवरच्या एका शाळेत मी शिकवतो. घरी मोटारसायकल असूनही आठ महिन्यांपूर्वी मी बावीस इंची, दांड्यांच्या ब्रेकची साधी काळी सायकल घेतली आणि तेव्हापासून शाळेत तिच्यावरच जातो-येतो. सुरुवातीला वाटेत भेटेल तो विचारी, "सर, गाडी गॅरेजला लावली का?"

दुकानदाराने आधी गिअरची, जाड टायरची सायकल पुढे केली होती. ती देखणी होती खरी; पण तिला मडगार्ड, कॅरिअर आणि चेनकव्हर यांतले काहीच नव्हते, आणि वह्यांचा गठ्ठा व भाजीची पिशवी घेऊन स्वच्छ कपड्यांत पोहोचायचे असलेल्या माणसाला या तीन गोष्टी गिअरपेक्षा अधिक गरजेच्या असतात. काळ्या सायकलीला त्या मुळातच असतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा घेणाऱ्याने बिलावर कराचा आकडा पाहून घ्यावा.

तिची खरी किंमत कळते ती पंक्चर झाल्यावर. कालव्याकडेच्या वेड्या बाभळीचा काटा महिन्यातून एकदा तरी टायरमध्ये शिरतोच. फाट्यावरचा पंक्चरवाला चाक न काढता एका बाजूने ट्यूब ओढून घेतो, घमेल्यातल्या पाण्यात ती दाबत बुडबुडा शोधतो आणि माझा चहा संपेपर्यंत काम उरकतो. उन्हाळ्यात पंक्चर नसतानाही हवा उतरू लागली, तर बहुधा व्हॉल्व्हवरची रबरी नळी चिरलेली असते. ती खिशात बाळगली की काम भागते.

चढावर मात्र ही सायकल माणसाची परीक्षा पाहते. मी चेनच्या चक्रांचे दात मोजले : पुढे ४४, मागे १८, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात ती पाच मीटरहून अधिक पुढे जाते. सपाटीवर हे सुखाचे असते, पण पुलाच्या चढावर उभे राहून पायडल मारावे लागते. डोंगराळ गावासाठी मी ती सुचवणार नाही. पावसात लोखंडी रिम ओली झाली की ब्रेक उशिरा लागतात, त्यामुळे उतारावर आधीपासूनच वेग आवरावा.

दुकानाच्या जोडणीबद्दल मात्र तक्रार आहे. आठवड्यातच डाव्या पायडलशी प्रत्येक फेऱ्याला 'कट' असा आवाज येऊ लागला. कॉटर, म्हणजे पायडलचा दांडा आसाला घट्ट धरणारी खीळ, नीट ठोकलेलाच नव्हता. दुकानदाराने "नव्या सायकलीला होतंच असं" म्हणून वाटेला लावले. अखेर फाट्यावरच्या त्याच पंक्चरवाल्याने दोन हातोड्यांत तो बसवला. सायकल ताब्यात घेण्यापूर्वी कॉटर, चाकांचा आऊट (फिरताना होणारी डगमग) आणि हँडलचा बोल्ट समोर तपासून घ्यावा.

सर्वांत मोठी उणीव दिव्याची आहे. मी टायरला घासून चालणारा डायनॅमो बसवून घेतला. पण चाक थांबले की दिवाही विझतो. गाळपाच्या हंगामात उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत समोरून येतो, आपण बाजूच्या मातीत उतरून थांबतो, आणि नेमके तेव्हाच अंधारात दिसेनासे होतो. म्हणून पुढे बॅटरीचा दिवा लावला आणि मागे कॅरिअरला लाल दिवा तारेने बांधला. सायकल बनवणाऱ्यांनी हे दोन दिवे सायकलीबरोबरच दिले आणि त्यासाठी किंमत थोडी वाढवली, तरी माझी हरकत नाही.